चार नंबरचा कॅमेरा

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणायचे. एक तर ती कापणीच्या टेबलावर होती, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. कापडाचे थर उलटसुलट लावून सुपरवायझर वर तिलाच ओरडायला आला, की ती मान वर न करता म्हणायची, "साहेब, असं कापलं तर सगळ्या बाह्या डाव्याच निघतील. उजव्या तुम्ही घरून आणणार का?" सगळं टेबल हसायचं. सुपरवायझर निमूट थर बदलून द्यायचा, कारण तिचं चुकत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. ऐंशी थरांतून विजेचं उभं पातं ती असं फिरवायची की सगळ्यात खालच्या थरातही सुताचा फरक पडत नसे. अशी अकरा वर्षं गेली.

मग सासऱ्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा पाणी शुद्धीकरण केंद्रात पाळ्यांवर. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तो बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाला, "कुणीतरी घरी थांबायला हवं." ते कुणीतरी कोण, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. "सहा महिने बघू," तो म्हणाला. त्या सहा महिन्यांना आता तीन वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती मोकळीच आहे असं सगळे धरून चालले होते.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा पलंग, त्याच्यासमोर टीव्ही, खिडकीशी तिचं शिवणयंत्र. शेजारपाजारचे कपडे ती घरीच आखूड-सैल करून द्यायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची. नुसते पाइप आणि न्हाणीघरांच्या जाळ्या. सकाळी भाजी आणायला ती खाली उतरायची तेव्हा दाराला बाहेरून कुलूप लावायची, कारण एकदा सासरे उठायच्या प्रयत्नात पडले होते. किल्ली मुठीत घट्ट धरून ती पायऱ्या उतरायची आणि भाजीवाल्यासमोरही तिचं अर्धं लक्ष त्या किल्लीतच असायचं. घासाघीस करायचंही तिनं सोडून दिलं होतं. त्याला वेळ लागतो.

सासऱ्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'नको'. चहा हवा असला तरी 'नको', नको असला तरी 'नको'. कूस बदलायची असेल, पंखा लावायचा असेल, लघवीचं भांडं हवं असेल, सगळ्याला 'नको'च. पहिले काही महिने तिच्या नाकी नऊ आले. "बाबा, अहो, नक्की हवंय की नकोय?" असं विचारलं की ते रडकुंडीला येऊन म्हणायचे, "नको, नको, नको!" हळूहळू तिचा कान तयार झाला. लांबवलेला 'नको' म्हणजे हवंय, तुटक म्हणजे खरंच नको, आणि नाकातून आलेला म्हणजे टीव्हीवरची ती सिनेमाची तबकडी लाव.

हे तिसरं रोज दुपारी अडीचला. त्या डीव्हीडीवर एवढंच होतं, रॉक संगीताच्या एका कार्यक्रमाचा सिनेमा. जुन्या सभागृहात चार लांब केसांची माणसं दीड तास घाम गाळत वाजवतात, बस्स. गोष्ट नाही, संवाद नाही. सासरे तरुणपणी सिनेमाच्या कॅमेऱ्यावर होते आणि हा सिनेमा त्यांनी केला होता, एवढं तिला माहीत होतं. म्हणजे त्यांनी एकट्यानं नाही, सात कॅमेरे होते आणि त्यातला एक त्यांच्याकडे होता. नवऱ्याला त्यापलीकडे काही सांगता येत नव्हतं. "बाबा कायम बाहेर असायचे. यायचे तेव्हा झोपायचे," तो म्हणायचा.

ती टीव्हीकडे पाठ करून यंत्रावर बसायची. तो गोंगाट ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. गायक कुठल्या गाण्यात कुठे किंचाळणार हे तिला पाठ होतं आणि त्या आधीच तिचे दात आवळले जायचे. यांचं जग या एका तबकडीत मावलंय आणि आपलं यांच्या पलंगाच्या चार पायांत, असं तिच्या मनात यायचं आणि मग दिवसभर तिची तिलाच लाज वाटायची.

एके दिवशी तिचं डोकं असं चढलं की तिनं सरळ टीव्हीचा आवाजच बंद केला. आता 'नको'चा भडिमार होणार म्हणून ती तयारीत राहिली. काहीच झालं नाही. तिनं मागे वळून पाहिलं. सासरे तसेच, उशीवर मान तिरकी, डोळे पडद्यावर. आवाज गेल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

म्हणजे हे ऐकत नव्हतेच, बघत होते.

"काय बघता हो एवढं?" असं म्हणत तिनं यंत्रावरचा पाय काढला आणि खुर्ची फिरवली.

आवाजाशिवाय तो सिनेमा भलताच वेगळा निघाला. तिला पहिल्यांदा जे दिसलं ते तिच्या धंद्यातलं होतं. गायकाच्या पांढऱ्या शर्टाची उजव्या काखेतली शिवण उसवलेली होती. पहिल्या गाण्यात दोन बोटं. हात वर करून करून दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तीन बोटं. चौथ्या गाण्यापर्यंत सगळा तळहात जाईल एवढी. "कच्चं काम," ती पुटपुटली. "एक टीप घातलीय नुसती." पण त्या उसवणीवर नजर ठेवता ठेवता बाकीचंही तिच्या लक्षात येऊ लागलं. गायकाचा हात समोरून वर जायला लागतो आणि पुढच्या चित्रात तोच हात बाजूनं वर पोचलेला असतो. मध्ये जोड आहे, पण हाताला खीळ बसलेली नाही. चांगल्या शिंप्यानं खांद्याला बाही जोडावी तसं. कापड दोन ठिकाणचं, पण घालणाऱ्याला ते एकच वाटलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता तिनं आपण होऊन तबकडी लावली, आणि आवाज बंद ठेवला.

असे आठ-दहा दिवस गेले. ती जोड मोजायला लागली. काही गाण्यांत शंभराच्या वर, काहींत पंधरासुद्धा नाहीत. आणि एका दुपारी, चौथं गाणं चालू असताना, ती ताडकन उठली.

"बाबा! हे इथलं नाही!"

पडद्यावर पाठमोरा गायक हात वर करून उभा होता. जेमतेम दोन-तीन सेकंद. तिनं रिमोटनं मागे नेलं, पुन्हा लावलं, चित्र थांबवलं. काखेतली उसवण पुन्हा दोन बोटांची झाली होती.

"हे पहिल्या नाहीतर दुसऱ्या गाण्यातलं उचलून इथे जोडलंय! पाठमोरा घेतलाय, म्हणजे तोंड दिसत नाही, म्हणजे कुणाला कळणार नाही. लबाड आहेत की हो तुमचे लोक!"

सासऱ्यांच्या घशातून आवाज आला. तिला वाटलं ठसका लागला, म्हणून ती धावली. ते हसत होते. तोंड एकाच बाजूला जात होतं, डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, आणि ते हसत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर दुपारची तऱ्हाच बदलली. चित्र बदललं की सासरे डाव्या हाताची बोटं वर करायचे. दोन बोटं म्हणजे दोन नंबरचा कॅमेरा, पाच म्हणजे पाच, सहा-सातला पंजा दाखवून पुन्हा एक-दोन. चार बोटं वर झाली की ती बोटं नंतर ते स्वतःच्या छातीवर टेकवायचे. चार नंबर म्हणजे आपण. चार नंबरचं चित्र नेहमी खालून असायचं, जमिनीच्याही खालून असावं असं. बुटांचे तळवे, ढोलवाल्याचा पावलानं दाबायचा खटका, गायकाच्या हनुवटीवरून सुटणारा थेंब.

आणि सहावं गाणं. ते संथ होतं. त्यात गिटारवाल्याला सुरुवातीला काही कामच नव्हतं. तो आपली पाळी यायची वाट बघत बाजूला उभा, आणि चार नंबर त्याच्यावर. गायक दुसरीकडे जीव तोडून गातोय, सगळं सभागृह त्याच्याकडे बघत असणार, आणि पडद्यावर मात्र हा काहीच न करणारा माणूस. पूर्वी तिला वाटायचं, काय हा वेडेपणा! आता ती नीट बघायला लागली. त्याची बोटं तारा नुसत्याच दाबत होती, आवाज न काढता. टाच ठोके मोजत होती. एकदा तो अंमळ आधी सुरू करायला गेला, थांबला, स्वतःशीच ओशाळं हसला. आणि मग त्याची पाळी आली. त्यानं पहिला सूर छेडला तेव्हा आपणच इतका वेळ श्वास धरून होतो, हे तिला श्वास सोडल्यावर कळलं. तिनं घड्याळ लावून मोजलं. साडेतीन मिनिटं. मध्ये एकही जोड नाही.

त्याच महिन्यात एक बाई आल्या. सत्तरी उलटलेली, हातात काठी, चार मजले चढून असा दम लागलेला की दारातच पायपुसण्यावर बसल्या. पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न, "खिळा आहे का घरात?"

"कोण खिळा?"

"तुझा सासरा गं. एकदा ठोकला की हलत नाही म्हणून खिळा." त्या आत आल्या, पलंगावर सासऱ्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन थोपटू लागल्या. तो सिनेमा या बाईंनी जोडला होता. त्या एडिटर होत्या.

बातमी अशी होती की जुन्या रिळांवरून सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत काढली होती आणि पुढच्या रविवारी सकाळी मोठ्या थिएटरात ती दाखवणार होते. त्या वेळचे जे कुणी हयात आहेत त्यांना बोलावणं होतं. "आला तेव्हा दोन आठवड्यांत उतरला होता आमचा सिनेमा," बाई म्हणाल्या. "लोक म्हणाले, हे काय, नुसती गाणी! आता तोच पोरांना शिकवतात."

चहा दिल्यावर तिनं विचारलं, "बाई, चौथ्या गाण्यात तो पाठमोरा तुकडा आधीच्या गाण्यातला आहे ना?"

बाईंचा कप ओठांशीच थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"शर्टाच्या उसवणीवरून कळलं."

"चाळीस वर्षं!" बाई सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या. "चाळीस वर्षांत एका माणसानं पकडलं नाही, खिळ्या! तुझ्या सुनेनं पकडलं!" मग तिला म्हणाल्या, "अगं, तेव्हा कॅमेऱ्यात रीळ दहा मिनिटांचं. सगळ्यांची रिळं एकदम संपू नयेत म्हणून पाळ्या लावल्या होत्या, तरी त्या गाण्यात घोळ झालाच. पाच जण रीळ बदलत होते, एकाचं चित्र धूसर, आणि हा महाभाग ढोलवाल्याच्या पायावर. मग काय करू? चोरला तुकडा."

"आणि सहाव्यातला गिटारवाला?"

"दिग्दर्शक कानातल्या यंत्रातून ओरडत होता, चार नंबर, गायकाकडे वळ! हा रंगमंचाच्या पुढच्या कडेला कापलेल्या खड्ड्यात. तीन फूट बाय तीन फूट. अवजारांच्या पेटीवर बसलेला. लोक यायच्या आधी आत उतरला तो सगळे गेल्यावर बाहेर. चार तास, पाय लांब करायलाही जागा नाही. पण वळता येत होतं त्याला. वळला नाही. त्याला दिसलं होतं की गाणं त्या गिटारवाल्याच्या तोंडावर आहे. मी तो शॉट आधी अकरा ठिकाणी कापला. मध्ये मध्ये गायक घातला. आठ दिवसांनी सगळं सोडवून होता तसा परत जोडला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते न केलेलं काम."

सासरे छताकडे बघत होते.

रविवारी सकाळी नवऱ्यानं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांनी मिळून त्यांना खुर्चीवर बसवलं, चादरीनं बांधलं आणि उचललं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. एक मजला व्यवस्थित उतरले. तिसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर खुर्ची अडकली. तिरकी केली तर बाबा घसरत होते, सरळ धरली तर पाय भिंतीला लागत होते. "थोडं वर... नाही, तुमच्या बाजूनं... अहो, हात सांभाळा!" असा सगळा गोंधळ. तेवढ्यात सासऱ्यांनी डाव्या हातानं कठडा पकडला आणि सोडेचनात.

"नको."

तुटक. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "खरंच नको म्हणतायत. वर न्या."

पलंगावर परत निजवल्यावर तिनं त्यांच्या शर्टाची बटणं काढायला घेतली, तर त्यांनी तिचा हात झटकला आणि दाराकडे बोट केलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा दाराकडे.

"जा तू," नवरा म्हणाला. "मी आहे ना आज."

"भात मऊ लागतो. घास गिळला की नाही ते बघायला लागतं. आणि उशी..."

"अगं, जा."

थिएटरात ती मधल्या रांगेत एकटी बसली. मुठीत किल्ली नव्हती, त्यामुळे हाताचं काय करावं ते तिला कळेना. दिवे गेले आणि तिला पाठ असलेला सिनेमा भिंतीएवढा होऊन समोर आला. टीव्हीसाठी काढलेल्या प्रतीत चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात, हे तिला पाचव्या मिनिटाला कळलं. इथे बाजूला जास्तीचं कितीतरी दिसत होतं. शेवटच्या गाण्यात सभागृहाचे दिवे लागतात आणि मागच्या कॅमेऱ्यातून सगळं एकदम दिसतं. चौघं वाजवणारे, उसळणारी गर्दी. तिनं सवयीनं गायकाची काख बघितली आणि मग नजर डाव्या कडेला गेली. तिथे जमिनीत एक चौकोनी खड्डा होता. खड्ड्यात गुडघे छातीशी घेतलेला एक तरुण, डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, तोंड किंचित उघडं. सगळं जग नाचत होतं आणि तो हलत नव्हता. तीन सेकंद.

पुढचं तिनं काही बघितलं नाही. एवढ्याशा खड्ड्यात कोंबलेल्या त्या माणसाला बाहेर यायचं नव्हतं. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिला त्याचा हेवा वाटला.

बाहेर बाईंनी तिला चार लोकांसमोर उभं केलं, "ही खिळ्याची सून. हिचे डोळे बघून ठेवा." मग बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्याकडे पोरं शिकायला येतात. सगळ्यांना यंत्र येतं, जोड दिसत नाही. तू ये."

"बाबांना कोण बघणार?"

"आठवड्यातून एक दिवस ये."

घरी येऊन चपलाही न काढता तिनं सांगितलं, "बाबा, तुम्ही दिसलात! शेवटच्या गाण्यात, डाव्या कडेला, खड्ड्यात! टीव्हीवर कापलं गेलंय ते!"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अडीचला तबकडी लावली, तर 'नको'. तुटक.

तिनं बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "अगं, कॅमेरावाला चित्रात दिसणं म्हणजे त्यांच्या धंद्यात नाक कापलं जाणं. तो दिसतोय हे मला माहीत होतं. पण तसा दुसरा शॉट नव्हता. त्याला मी सांगितलं, कापलं म्हणून. सिनेमा लागला तेव्हा तो दूर कुठेतरी शूटिंगला होता. त्यानं बघितला तो टीव्हीवरच."

तीन दिवस त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. ती भरवायची, पुसायची, कूस बदलायची, आणि ते भिंतीकडे. चौथ्या दिवशी पाठ पुसताना तिचा बांध फुटला. "दिसलात तर दिसलात! एवढं काय आभाळ कोसळलं? चार तास त्या बिळात बसलात, त्यातले तीन सेकंद कुणीतरी बघितले. मी तीन वर्षं बसलेय इथे, बाबा. मला कोण बघतंय?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. फडका बादलीत बुडवून ती पिळत राहिली. मागून आवाज आला, "नको." तो लांबवलेला नव्हता, तुटक नव्हता, नाकातलाही नव्हता. त्याचा अर्थ तिला लागला नाही. वळून बघितलं तर ते तिच्याकडेच बघत होते, आणि बघतच राहिले.

नवऱ्यानं गुरुवारची पाळी बदलून घेतली. ती चार गुरुवार बाईंकडे गेली. अंधारी खोली, दोन पडदे, सहा पोरंपोरी. पहिल्या गुरुवारी ती कोपऱ्यात बसली. तिसऱ्या गुरुवारी एका मुलीनं केलेल्या जोडाकडे बघून म्हणाली, "इथे कापड ताणलंय." मुलगी गोंधळली, बाई मात्र हसून म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. चार चित्रं आधी काप." चौथ्या गुरुवारी तिनं स्वतः एक जोड घातला. चालणारी बाई, दार, पलीकडची खोली. बाईंनी तो तीनदा बघितला आणि म्हणाल्या, "दिसत नाही." कारखान्यात अकरा वर्षांत तिला कुणी एवढं मोठं काही म्हणालं नव्हतं.

पाचव्या गुरुवारी नवऱ्याच्या कामावरच्या जोडीदाराचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि पाळ्या पुन्हा फिरल्या. त्यात सासऱ्यांना गिळायला त्रास व्हायला लागला. पाणीसुद्धा चमच्यानं, घट्ट करून द्यावं लागे, नाहीतर श्वासनलिकेत जाई. शेजारणीच्या भरवशावर अर्धा तासही सोडता येईना. बाईंचा फोन यायचा, "जागा ठेवलीय तुझी." मग महिन्यानं, "ठेवलीय अजून." अडीच महिन्यांनी फोन आला तेव्हा आवाजात अवघडलेपणा होता. एक पोरगा मिळाला होता, रोज येणारा. काम थांबवून ठेवता येत नव्हतं.

"नाही, बरोबर आहे बाई," ती म्हणाली. "कुणीही हेच केलं असतं."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, भात मऊ घोटला, वाटी घेऊन पलंगाशी बसली.

"माझी जागा गेली, बाबा," तिनं सांगितलं.

सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. चमचा हवेत राहिला. खिडकीबाहेर कुणाच्या तरी न्हाणीघरात पाणी वाहत होतं. तिनं चमच्यातला घास वाटीच्या कडेला निपटला, पुन्हा भरला, आणि त्यांच्या हनुवटीखाली फडका नीट केला.

"उघडा तोंड," ती म्हणाली. "गार होतंय."

त्यांनी तोंड उघडलं.